मळी, मोटार आणि कोयता

उसापासून मोटार चालवण्याची कल्पना 2018 मध्येच कुणाला तरी सुचली, अशा थाटात हल्ली इथेनॉलची चर्चा चालते. ती बरीच जुनी आहे. आपला बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात बोधनजवळ 1937 च्या सुमारास निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली आणि तिथल्या वस्तीला नाव पडलं शक्करनगर. साखर काढून उरलेल्या मळीचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हाही कारखानदारांना होता. देशभर त्याचं उत्तर शोधलं गेलं ते 'पॉवर अल्कोहोल'मध्ये. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा या पदार्थाची किंमत कळली. (अल्कोहोल हा शब्द मुळात अरबी 'अल-कुहल', म्हणजे सुरमा. डोळ्यांतून निघून तो इंजिनात कसा पोहोचला, ही वेगळी कहाणी.)

स्वतंत्र भारताने 1948 मध्येच इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट केला. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, मळीतून निघणारा स्पिरिट दारूकडे आणि रसायनांकडे वळला आणि 2000 मध्ये तो कायदाही रद्द झाला. लगेच 2001 मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण आलं. ते बरीच वर्षं रखडतच चाललं.

खरा पैसा आला 2018 नंतर. नव्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला मुभा दिली. इथेनॉलवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. डिस्टिलरी उभारायला घेतलेल्या कर्जावर 6 टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल तेवढं व्याज पाच वर्षं सरकार भरणार होतं. खरेदीदार ठरलेला, दरही सरकारने ठरवलेला. रसापासूनच्या इथेनॉलला तेव्हा लिटरला 59 रुपये 19 पैसे मिळत होते, पुढे ते 65 रुपये 61 पैशांवर गेले.

आता हिशेब करू. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात एक टन उसाच्या रसापासून साधारण 70 लिटर इथेनॉल धरलं आहे. म्हणजे टनामागे साडेचार हजारांहून जास्त. हा सगळा नफा नव्हे, हे मान्य. 2023-24 ला उसाची एफआरपीच टनाला 3150 रुपये होती. शेतकऱ्याचा वाटा तरी कायद्याने मोजला जातो. महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले 70 टक्के उसाला, 30 टक्के कारखान्याला असं सूत्र आहे.

त्या सूत्रात कोयता कुठेच नाही. तोडणी हा फक्त खर्च. तो उसाच्या पैशातून वजा होतो.

आणि कोयता म्हणजे बीड. जायकवाडी प्रकल्पाला नाव मिळालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाचं. धरण मात्र वर पैठणला झालं. माजलगाव-परळीकडे पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूरचे डोंगर कोरडेच राहिले. तिथली माणसं मुकादमाची उचल घेऊन सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत जातात. वंजारी, बंजारा, दलित, मुसलमान, सगळेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. हजेरीतही तो एकच. दिवाळीनंतर वर्गातले कुठले बाक रिकामे होणार, हे आम्हा शिक्षकांना जूनमध्येच ठाऊक असतं.

ब्राझीलने 1973 च्या तेलसंकटानंतर, 1975 मध्ये, सरकारी पैशावर असाच इथेनॉलचा कार्यक्रम उभारला. तिथे मालकांनी तोडणीची पद्धत बदलली. पाच सऱ्यांऐवजी एकदम सात सऱ्या तोडायला लावल्या. मे 1984 मध्ये साओ पाउलो राज्यातल्या ग्वारिबा गावी ऊसतोड मजुरांनी संप केला आणि पाच सऱ्या परत मिळवल्या. इंधन राष्ट्राचं, पण त्याचा भार कुणाच्या पाठीवर, हे तिथे रस्त्यावर ठरलं.

आपल्याकडे ते लवादात ठरतं. 7 डिसेंबर 2023 ला साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला बंदी घातली. कारखाने हादरले, कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या. आठवडाभरात, 15 तारखेला, 17 लाख टन साखरेपुरती सवलत मिळाली. त्याच हंगामात मजूर दरवाढीसाठी भांडत होते. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली; टनाला पावणेतीनशेच्या आसपासचा दर साडेतीनशेच्या वर गेला. मुकादमाचं कमिशनही वाढलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला 10 रुपये घ्यायचं आधीच ठरलेलं होतं. हे दहा रुपयेही टनावरच. लिटरवर काही नाही.

कारखान्यांची अडचण आठ दिवसांत सुटली, मजुरांचा करार तीन वर्षांसाठी झाला. तो 2025-26 च्या हंगामापर्यंतचा. पुढच्या बैठकीत टनाबरोबर लिटरचीही गोष्ट कुणी काढली, तर 70 लिटरचा आकडा सरकारच्याच कागदावर आहे.