स्त्रीधन आणि कर्जावरची सही



गेल्या चातुर्मासात माझी एक भाची माहेरी परत आली. दोघांनी संमतीने वेगळे व्हायचे ठरवले होते. तिने वहीत दोन रकाने पाडले होते, 'त्याचे' आणि 'माझे'. भांडी, कपाट, सोने सगळे लिहून झाले. पेन अडले ते त्याच्या दुकानाच्या कर्जापाशी. "मावशी, हे कुणाच्या रकान्यात लिहू?"

उत्तर शोधताना मी थेट याज्ञवल्क्यस्मृतीपर्यंत मागे गेले. तिच्यावरची विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका आपल्यापासून लांबची नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या दरबारी ती लिहिली गेली. आपली वेगळी रूढी सिद्ध झाली नाही, तर इंग्रजी अमदानीत न्यायालये जैनांनाही हिंदू कायदाच लावीत. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या दागिन्यांचे हिशेबही पुष्कळदा याच ग्रंथावरून झाले.

त्यात काय आहे? दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैद, या चारच प्रसंगी नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन घेतले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. एरवी घेतले तर परत द्यावे. आणि ही सवलत फक्त नवऱ्याला! दीर, सासरे यांना ती जिवंत असेपर्यंत तिच्या धनाला हात लावता येत नाही. (आपल्याकडे "सगळ्यांचे दागिने एकत्र ठेवू, सुरक्षित राहतील" म्हणत ते सासूबाईंच्या कपाटात जातात. हे या नियमात कुठे बसते, ते मला अजून सापडलेले नाही.)

कर्जाचा नियम वाचून तर मी चकितच झाले. नवऱ्याचे किंवा मुलाचे कर्ज बाईने फेडायचे नाही. तिने फेडायचे ते तीनच प्रकारचे: जे तिने स्वतः कबूल केले, जे नवऱ्याबरोबर मिळून काढले, आणि जे तिने एकटीने घेतले.

घटस्फोट मात्र या शास्त्रात नव्हता. कित्येक जातींत काडीमोडीची रूढी होती, पण कायद्याने वाट मोकळी केली ती मुंबई प्रांतात 1947 साली. मग 1955 चा हिंदू विवाह कायदा आला, त्यात जैनांचे नाव स्पष्ट घातले आहे. त्याच्या कलम 27 मध्ये न्यायालय फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंबद्दल आदेश देऊ शकते. संसारात घेतलेल्या घराचे निम्मे-निम्मे वाटप त्यात नाही. ज्याच्या नावावर घर, त्याचे ते. बायकोने वीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळले, त्याचा रकानाच नाही. हे मला खटकते.

स्त्रीधनाचेही पुढे घोळ झाले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 1982 मध्ये म्हटले की सासरच्या उंबऱ्याच्या आत आले की ते दोघांचे होते. 1985 च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले. दागिने सासरी ठेवले म्हणून ते सामाईक होत नाहीत, ते तिचेच राहतात, आणि परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. पुढे 2024 मध्ये केरळमधल्या एका घटस्फोटितेचा निकाल लागला. तिचे सोने नवरा आणि सासूने आपली जुनी देणी भागवण्यासाठी वापरल्याचा आरोप होता. न्यायालयाने तिला 25 लाख रुपये द्यायला लावले. अडचणीत नवरा स्त्रीधन वापरू शकतो, पण ते परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, असेही सांगितले. म्हणजे जुन्या चार अपवादांमधली 'परत करायचे नाही' ही सोय आता उरली नाही.

कर्जाला मात्र या कायद्यात कलमच नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सहसा कर्जदाराइतकीच असते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात "कर्ज नवरा फेडील" असे लिहिले, तरी त्या दाव्यात बँक पक्षकार नसते. ती सही बघते. याज्ञवल्क्याने जे म्हटले, जवळजवळ तेच!

मी भाचीला विचारले, "तू कुठे सही केली होतीस का?"

"हो, दुकानाच्या वेळी. जामीनदार म्हणून. सासऱ्यांनी सांगितलं, फॉर्मॅलिटी आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो, कर्जाची कागदपत्रे मागितली आणि उरलेली रक्कम विचारून घेतली. मग वकिलांना सांगून संमतीपत्रात अट घातली, की जामिनातून तिचे नाव निघाल्याचे बँकेचे पत्र आल्याखेरीज ती शेवटची सही करणार नाही. पत्र यायला पाच महिने लागले.