कोल्हापूरचा समुद्र

कोल्हापूरला समुद्र नाही, असं आपण सहज म्हणतो. १८१२ पर्यंत तो होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला.

शिडाची गलबतं किनारा धरून चालायची. उत्तरेकडे जाताना पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघायचं आणि दुपारचा समोरचा वारा वाढण्याआधी पुढच्या खाडीत शिरायचं. त्यामुळे आसऱ्याचं बंदर ज्याच्या हाती, त्याचीच समुद्रावर सत्ता.

इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं. पुढे तो परतही केला. पण १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि किल्ला दोन्ही कायमचे गेले. तेव्हापासून आपण कोल्हापूरकर मालवणला पाहुणे म्हणूनच जातो.