आगमनकाळाचे हरितचक्र : शहापूर-मुरबाड परिसरातील कार्यशाळेसाठी मार्गदर्शन

ख्रिस्तसभेच्या उपासना वर्षाचा प्रारंभ आगमनकाळाने होतो. नाताळापूर्वीचे चार रविवार या काळात येतात. त्यातील पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान असतो. २०२६ साली तो २९ नोव्हेंबर रोजी, तर २०२७ साली २८ नोव्हेंबर रोजी येतो. हे रविवार घरी पाळण्याचे एक साधे साधन म्हणजे हिरव्या पानांचे वर्तुळ व त्यावरील चार मेणबत्त्या. मराठीत 'पुष्पचक्र' हा शब्द मृतांना वाहिल्या जाणाऱ्या आदरांजलीसाठी रूढ असल्यामुळे येथे 'हरितचक्र' हा शब्द योजिला आहे.

उगम

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकाने १८३३ साली गरीब व निराधार मुलांसाठी 'राउएस हाउस' नावाचे निवासगृह सुरू केले. नाताळ कधी येणार, असे तेथील मुले वारंवार विचारीत, असे सांगितले जाते. १८३९ सालच्या आगमनकाळात विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर २० लहान तांबड्या व ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी मेणबत्ती पेटवून मुले दिवस मोजू लागली. चाकाला सूचिपर्णी वृक्षांच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळण्याची पद्धत पुढे आली. १९२५ साली कलोन येथील कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र प्रथम टांगण्यात आले. लोकभक्ती व उपासना यांविषयी परमपीठाने २००१ साली तयार केलेल्या मार्गदर्शिकेतही या प्रथेचा आदराने उल्लेख आहे.

या इतिहासातून आपल्याला एक गोष्ट शिकावयाची आहे. पहिले चक्र गरीब मुलांसाठी आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून घडले. म्हणून बाजारातील प्लास्टिकच्या पाइनवाचून आपले काहीही अडत नाही.

आपल्या परिसरातील गरज

शहापूर व मुरबाड तालुक्यांत कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. सर्वच गावांत व पाड्यांवर दर रविवारी मिस्सा होणे शक्य नसते. अशा ठिकाणी घरातील मेणबत्तीच रविवारची आठवण देते. भातकापणी व दिवाळी आटोपली की या भागातील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडतात. म्हणजे आगमनकाळ येतो तेव्हा मुले शाळेपासून आणि गावापासून दूर गेलेली असतात. कार्यशाळेची तारीख ठरविताना हे वास्तव ध्यानात घ्यावे. स्थलांतर करणारे कुटुंब धर्मग्रामात असेल, तर त्याच्यासाठी वीतभर व्यासाचे, पिशवीत मावेल असे चक्र आधीच करून द्यावे.

तयारी

कार्यशाळेसाठी ख्रिस्त राजाच्या सणाचा रविवार सोयीचा असतो, कारण त्यानंतरच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. मिस्सेनंतर प्रारंभ करून दुपारी तीनपर्यंत समारोप करावा, म्हणजे दूरच्या मंडळींना परतीची एसटी मिळेल. कुटुंबामागे एकच चक्र करावे व ते सर्वांनी मिळून करावे. बांबूकाम जाणणारा स्थानिक कारागीर शिकविण्यास बोलवावा आणि त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी.

साहित्य पुढीलप्रमाणे : बांबूच्या पातळ कामट्या, भाताचा कोरडा पेंढा, सुतळी, आंबा, अशोक किंवा क्रोटन यांची पाने, मातीच्या चार पणत्या, तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती. रंगीत मेणबत्त्या न मिळाल्यास पांढऱ्या मेणबत्त्यांच्या पणत्यांना त्या त्या रंगाची फीत बांधावी.

पाने आपल्या परसातून किंवा मालकाच्या अनुमतीने घ्यावीत. शहापूर तालुक्याचा काही भाग तानसा अभयारण्यात येतो. तेथून वा राखीव वनातून विनापरवाना काहीही तोडू नये. २०१७ सालच्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला आहे. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, खासगी जागेत लावलेला बांबू या कामी निःसंकोच वापरता येतो.

कृती

कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालाव्यात; त्या न मोडता वाकतात. दोन कामट्यांचे सुमारे हातभर व्यासाचे वर्तुळ करून टोके सुतळीने बांधावीत. त्यावर पेंढ्याचा पीळ घट्ट गुंडाळावा आणि त्यात पानांचे देठ खोचावेत. पाने आठवड्याभरात सुकतात. दर शनिवारी ती बदलण्याचे काम मुलांकडे सोपवावे. पेंढा चटकन पेट घेतो. म्हणून मेणबत्त्या पेंढ्यावर न रोवता चक्राच्या आतील मोकळ्या जागेत पणत्यांमध्ये बसवाव्यात. प्रार्थना संपताच त्या विझवाव्यात व जवळ पाण्याचा तांब्या ठेवावा.

अर्थ व घरची प्रार्थना

वर्तुळाला आरंभ नाही व अंत नाही. ते परमेश्वराच्या चिरंतन प्रीतीचे चिन्ह आहे. हिरवा रंग जीवनाचा व आशेचा, तर जांभळा पश्चात्तापाचा व प्रतीक्षेचा आहे. तिसरा रविवार आनंदाचा असल्याने त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती पेटवितात. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्या आठवड्यात दोन, याप्रमाणे प्रकाश वाढत जातो. काही ठिकाणी नाताळच्या रात्री मध्यभागी पाचवी, पांढरी मेणबत्ती लावतात.

पहिली मेणबत्ती घरातील सर्वांत लहान मुलाने पेटवावी, अशी सुंदर प्रथा अनेक कुटुंबांत आहे. त्यानंतर यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एक लहान उतारा वाचावा, क्षणभर मौन पाळावे आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणावी. यासाठी दहा मिनिटे पुरतात. धर्मगुरू येऊ शकले नाहीत, तरी आईवडिलांनी ही प्रार्थना चालवावी.

कार्यशाळेतून किती सुबक चक्रे तयार झाली, यापेक्षा चौथ्या रविवारी किती घरांत चारही मेणबत्त्या पेटल्या, हे महत्त्वाचे आहे. धर्मग्रामातील युवकांनी आगमनकाळात अशा दूरच्या घरांना एकदा तरी भेट द्यावी आणि त्या प्रार्थनेत सहभागी व्हावे.