साठीनंतरचा व्यायाम : बडोद्याच्या तालमीत होते आणि आपल्या घरात नाही ते

बडोद्याच्या मराठी घरांत व्यायामाचा विषय निघाला की साठीच्या पुढची मंडळी बहुधा एकच उत्तर देतात, ‘आम्ही रोज कमाटीबागेत फिरतो.’ फिरणे चांगलेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण याच गावात शंभर वर्षांपूर्वी नुसत्या फिरण्याला कोणी व्यायाम म्हटले नसते. ते अन्न पचवण्याचे साधन होते. व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब, लाठी. या दोन समजुतींमधला फरक आज साठीनंतर आम्हाला महागात पडतो आहे, म्हणून हा लेख.

सयाजीराव महाराजांच्या काळात (१८७५ ते १९३९) बडोदे हे कुस्तीचे आणि तालमींचे गाव होते. त्यांतले सर्वांत मोठे नाव जुम्मादादा व्यायाममंदिराचे. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद आणि राजरत्न माणिकराव हे त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूचे नाव संस्थेला दिले आणि बडोद्याच्या मराठी पोरांनी तिथे घाम गाळला. एकेकट्याने करायचा व्यायाम शेकडो मुलांनी एका हुकुमावर एकत्र करायचा, ही सांघिक व्यायामाची पद्धत माणिकरावांनी बसवली आणि तिचे हुकूमही देशी भाषेत ठेवले. हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता.

त्यांच्या शिष्यांपैकी एक जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ मध्ये आपल्या शेजारच्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांकडे शिकले, पुढे नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे शास्त्रीय उपकरणांनी तपासण्याची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. दुसरे काम ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे. द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेला हा मराठी कोश १९३६ ते १९४९ या काळात बडोद्यातूनच दहा खंडांत निघाला. व्यायामावर दहा खंड, तेही मराठीत आणि महाराष्ट्राबाहेर! ज्यांच्या घरी जुनी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांनी एखादा खंड आहे का ते पाहावे. रद्दीत गेला असेल तर इलाज नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. तालमीच्या शिस्तीत तीन गोष्टी होत्या. रोज करायचे, थोडे करायचे आणि हळूहळू वाढवायचे. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणाऱ्या पोराला उस्ताद हाकलून देत, कारण तो दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरू शकत नसे. आम्ही बँकेत उभी हयात काढली, त्यामुळे हे आम्हाला आवर्त ठेवीसारखे वाटते. हप्ता लहान असला तरी चालतो, चुकलेला चालत नाही. आणि तालमीत भर होता तो पायांच्या, कमरेच्या आणि पाठीच्या बळावर. चालण्यात नेमके तेच मिळत नाही.

चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी होतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि काटा तोच आकडा दाखवतो. दिसते ते असे : खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, रिक्षात चढताना दांडी पकडावी लागते, न्हाणीघरात पाय सरकला तर तोल सावरत नाही. खुब्याचे हाड मोडले की पुढचे सहा महिने सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते. आपल्या ओळखीतली कितीतरी माणसे पडल्यानंतरच ‘म्हातारी’ झाली, त्याआधी ती बागेत रोज दोन फेऱ्या मारत होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणे. ते बहुतेकांना माहीत असते. पण त्याच कागदावर पुढे आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा, आणि ६५ वर्षांवरच्यांनी तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचा आणि बळाचा व्यायाम करावा. हा दुसरा भाग आम्ही वाचतच नाही. बागेत गप्पा मारत, मध्येच बाकावर बसत केलेला तास पहिल्या भागातही पूर्ण बसत नाही, हे सांगितले की लोकांना राग येतो.

आपण कुठे आहोत हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२, पासष्ट ते एकोणसत्तरमध्ये अनुक्रमे १२ आणि ११ यांपेक्षा कमी जमले तर पाय कमजोर झाले आहेत असे धरतात. ही चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

आकडा कमी आला तर घाबरण्यासारखे काही नाही. वय झाले तरी स्नायू वाढतात, फक्त त्यांना काम द्यावे लागते. ही उठबस म्हणजे तालमीतली बैठकच, खुर्चीपुरती आणलेली. पाच वेळा करून थांबा, दम घ्या, पुन्हा पाच करा. आठवडाभर जमले की एक वाढवा. जोर जमिनीवर जमत नाहीत तर भिंतीवर करा : हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकवायचे, कोपरे वाकवून छाती जवळ न्यायची, परत यायचे. पुढे स्वयंपाकाच्या ओट्यावर. मुद्गलाऐवजी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली प्रत्येक हातात. ओट्याला बोटे टेकवून चवड्यांवर उभे राहणे, आणि नंतर एका पायावर उभे राहणे, हे तोलासाठी. चहा उकळेपर्यंत हे होते. सगळे मिळून पंधरा मिनिटे, एक दिवसाआड. श्वास कोंडून धरायचा नाही, उठताना सोडायचा.

सूर्यनमस्काराबद्दल विचारणा फार होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रचार केला आणि मराठी घरांत तो रुजला. ज्यांची सवय तरुणपणापासून आहे त्यांनी जरूर चालू ठेवावा. पण ज्याने चाळीस वर्षे घातले नाहीत त्याने रथसप्तमीला उठून एकदम बारा घालू नयेत. गुडघे दुखणारे, रक्तदाब ताब्यात नसलेले, काचबिंदू असलेले यांनी डोके खाली नेणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

बायकांचा विषय वेगळा काढावा लागतो. तालीम पुरुषांचीच होती आणि आजही ‘घरकाम होते ना, तोच व्यायाम’ म्हणून त्यांची बोळवण होते. घरकामात कंबर झिजते, बळ येतेच असे नाही. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होण्याचे प्रमाण बायकांत जास्त, म्हणजे गरज त्यांनाच अधिक. आपल्याकडे त्यांचा व्यायाम मंगळागौरीत होता. फुगडीत पकड, मांड्या आणि तोल तिन्ही लागतात. झिम्मा, पिंगा, बसून करायच्या फुगड्या, यांत दम आणि पायांचे बळ दोन्ही लागते. हल्ली मंगळागौर मंचावर होते, बाकीच्या जणी खुर्च्यांवर बसून मोबाइलमध्ये चित्रण करतात. श्रावणातल्या एका कार्यक्रमाऐवजी आठवड्याला एक दिवस हे खेळ झाले तर आमच्या मते कोणत्याही महागड्या जिमपेक्षा ते उपयोगी पडेल. अर्थात सत्तरीच्या बाईने बसफुगडी घालू नये, झिम्मा पुरे.

बळ यायला अन्नही लागते, आणि इथे बडोद्याचे आपले जेवण थोडे तपासावे लागते. शरीराच्या दर किलो वजनाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने ही आपल्याकडची शिफारस, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सुमारे ६–७ ग्रॅम, कपभर दुधात तेवढेच, मूठभर शेंगदाण्यांत ७, एका पोळीत ३. हिशेब करा : सकाळी चहा-खाकरा, दुपारी पातळ आमटी-भात, संध्याकाळी चिवडा आणि रात्री ‘हलके’ म्हणून खिचडीचे चार घास. बेरीज तीसच्या पुढे जात नाही. पिठले, मोडाची उसळ, दही, चालत असल्यास अंडी, यांनी ती भरते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टर ठरवतील.

शेवउसळीचे उदाहरण घ्या. बडोद्याची ही खास चीज, आणि तिच्यातली उसळ खरोखर चांगली. बिघडते ते वरची शेव, तर्री आणि सोबतच्या पावामुळे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट चमच्याहून कमी, असे सांगतात. लोणचे, पापड, फरसाण आणि लीलो चिवडो हे ज्या घरात रोज आहेत तिथे तो चमचा दुपारीच संपतो. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल तर पहिली कात्री फरसाणाला लावावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याची टेप नाभीच्या पातळीला लावून महिन्यातून एकदा मोजला तरी पुरते.

एक कारण घरांच्या बदलातही आहे. रावपुरा, दांडिया बाजार इकडच्या जुन्या वाड्यांत उभे, अरुंद जिने होते, पाणी वर न्यावे लागे, जेवण पाटावर होई. दिवसातून वीसदा खाली बसणे आणि उठणे आपोआप घडे. मांजलपूर, गोत्री, वासणा रोडच्या सदनिकांत लिफ्ट आली, टेबल आले, कमोड आला. सोय झाली आणि ती हवीच होती. गुडघे ठीक असतील तर निदान उतरताना कठडा धरून दोन मजले पायी उतरावेत, आणि जमत असेल त्याने दिवसातून एकदा जमिनीवर बसून, आधार घेऊन का होईना, स्वतः उठावे. जमिनीवरून उठता येणे ही पडल्यानंतर सर्वांत कामाची विद्या आहे.

बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत फिरणे सकाळी सातच्या आत आटोपावे, निघण्याआधी पाणी प्यावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फिरू नये आणि खिशात चार बत्तासे ठेवावेत. व्यायाम करताना छातीत दाब वाटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटून गरगरले, तर तिथेच बसावे, सोबतच्या माणसाला सांगावे आणि १०८ ला फोन करावा. रिक्षाने घरी जाऊन पडू नये.