कॅप्टनला डोकं लागतं म्हणे!



गेल्या हिवाळ्यात वाईच्या एका मैदानावर आमच्या वस्तीतल्या पोराला कॅप्टन करायचं का, यावर वाद झाला. "त्याला बॉलिंग टाकू दे की, पण कॅप्टनला डोकं लागतं," असं एक जण सहज बोलून गेला. मित्रांनो, हे वाक्य शंभर वर्षांचं जुनं आहे.

चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी तयार करत आणि नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकत. विकेट हव्या होत्या म्हणून हिंदू संघानं त्यांना घेतलं. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा; चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आपल्या साताऱ्यात त्यांनी गोऱ्यांच्या जिमखान्याचे ७ गडी बाद केले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या दौऱ्याचे कॅप्टन कोण? पतियाळाचे महाराज, वय १९. बहुतेक सामने ते खेळलेच नाहीत. त्यांच्या डोक्याची परीक्षा कुणी घेतली होती?

१९२० च्या चौरंगी सामन्यांत नेहमीचे कर्णधार पै आजारी पडले. तेव्हा अनुभवी बाळूंना डावलून तरुण देवधरांना कर्णधार केलं. बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं. मग अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधारपद मिळालं. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळच त्यांनी संघ चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे होते, हे माहीत आहे. त्यामुळे हा अन्याय कमी होत नाही.)

अमेरिकेत याच वाक्याला गुण चिकटवले गेले. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे डाव आखणारा. काळ्या खेळाडूंना ही जागा नाकारून धावायच्या जागांवर पाठवत. निवडीच्या वेळी वंडरलिक नावाची चाचणी घेत: १२ मिनिटांत ५० प्रश्न. बातम्यांनुसार डॅन मरिनोला त्यात पंधराच्या आसपास गुण पडले, लमार जॅक्सनला १३. पहिला महान क्वार्टरबॅक ठरला. दुसरा २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू. २००९ च्या एका अभ्यासातही गुणांचा मैदानावरच्या कामगिरीशी फारसा संबंध सापडला नाही. २०२२ मध्ये लीगनं ही चाचणीच सोडली.

पण त्याच लीगच्या मेंदूच्या दुखापतीच्या भरपाईत काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी धरून हिशेब व्हायचा. म्हणजे दुखापत सिद्ध करणंच अवघड. दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगनं ही पद्धत बंद करायचं कबूल केलं.

कुणी विचारेल, मग डोकं लागत नाही का? लागतंच. पण ते आहे की नाही, हे फील्ड लावायला दिल्याशिवाय कळणार कसं?

त्या दिवशी आमचा पोरगा कॅप्टन झाला नाही. पहिली ओव्हर मात्र त्यालाच टाकायला लावली.