हल्ल्याचे नाव कोण ठेवते? पिकाचू ते खंडेराव दाभाडे

१/७
पोकेमॉन खेळणाऱ्यांना पिकाचूचा ‘थंडरबोल्ट’ ठाऊक असतोच. मूळ जपानी खेळात याच हल्ल्याचे नाव ‘जूमान बोरुतो’, अर्थात ‘एक लाख व्होल्ट’ असे आहे. वीज तीच, एका नावात मेघगर्जना आहे, तर दुसऱ्यात आकडा. नाव ठेवणारा कोठून पाहतो, ते नावात उमटते.

२/७
आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध डाव म्हणजे ‘गनिमी कावा’. ‘गनीम’ हा फारसीमार्गे आलेला अरबी शब्द. अर्थ शत्रू, लुटारू. मोगल तवारिखांत मराठ्यांचा उल्लेख वारंवार याच शब्दाने होतो. ज्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, त्यातील पहिला शब्द प्रतिपक्षाचा आहे.

३/७
‘कावा’ मात्र घोडेस्वाराचा. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ घोड्याला मंडलाकार फिरवणे असा दिला आहे. कपट हा त्याचा लाक्षणिक अर्थ.

४/७
हे फिरणे प्रत्यक्षात कसे असे? त्यासाठी सुरत–बऱ्हाणपूर मार्गावर यावे लागेल. नवापूर आणि नंदुरबार ही या मार्गावरील ठाणी. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावेर्निये याच वाटेने गेला.

५/७
अठराव्या शतकाच्या आरंभी खंडेराव दाभाडे यांनी या मार्गावर चौक्या बसवल्या. काफिल्यांकडून मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा घेतला जाई. जो देत नसे, तो लुटला जाई.

६/७
१७१६ च्या सुमारास दख्खनचा सुभेदार हुसेन अली खान याने झुल्फिकार बेग यास त्यांच्यावर धाडले. दाभाडे मागे हटत गेले. पाठलागाच्या भरात मोगल फौज अडचणीच्या मुलखात शिरली, विखुरली. तेव्हा मराठी घोडी वळली आणि तुटलेल्या तुकड्या घेरल्या गेल्या. झुल्फिकार बेग मारला गेला. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी दाभाड्यांना सेनापतिपद दिले.

७/७
मोगल इतिहासकार खाफीखानाच्या लेखी ही लूट होती. मराठी दप्तरांत अशा मोहिमांना ‘मुलूखगिरी’ हा शब्द आहे. व्यापाऱ्याला मात्र शब्द कोणताही असला, तरी चौथा हिस्सा मोजावाच लागे. आज आपण ‘गनिमी कावा’साठी सहज ‘गुरिल्ला युद्ध’ म्हणतो. तो शब्द स्पॅनिश, नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात रूढ झालेला. अर्थ ‘छोटे युद्ध’. त्यात ना वळणारा घोडा आहे, ना त्याची धास्ती घेतलेला शत्रू. मराठी नावात दोघेही अजून शिल्लक आहेत.