सोळा दिवसांची बंदी

सैन्यातील मेजरपद सोडून राजकारणात आलेले जसवंतसिंह १९८० मध्ये राज्यसभेचे सदस्य झाले. पुढे परराष्ट्र व अर्थ ही दोन्ही खाती त्यांनी सांभाळली. तथापि कायद्याच्या अभ्यासकास त्यांचे स्मरण होते ते ऑगस्ट २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जीनांवरील ग्रंथामुळे. फाळणीचा दोष एकट्या जीनांच्या माथी न मारता नेहरू व सरदार पटेल यांच्याकडेही त्यांनी बोट दाखविले. पटेलांविषयीचा त्यांचा निष्कर्ष मला स्वतःस एकांगी वाटतो. पण तो खोडून काढावयाचा तर ग्रंथ आधी हाती पडावयास हवा! १९ ऑगस्ट रोजी भारतीय जनता पक्षाने त्यांना काढून टाकले, आणि त्याच दिवशी त्याच पक्षाच्या गुजरात सरकारने ग्रंथावर बंदी घातली. बडोद्याच्या मराठी वाचकासही तो निषिद्ध झाला. पक्षात कोणास ठेवावे हा पक्षाचा प्रश्न होय. बंदीचे तसे नव्हे. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९५ व्या कलमान्वये ग्रंथ जप्त करावयाचा, तर सरकारने आपल्या मताचा आधार अधिसूचनेत नमूद करणे आवश्यक असे. येथे मत होते, आधार नव्हता. याच मुद्द्यावर ४ सप्टेंबर रोजी गुजरात उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. पक्षाने जसवंतसिंहांस २०१० मध्ये परत घेतले.